जपानी गाडी आणि वरकुट्याचा बोळ

लोक परदेशातून येताना चॉकलेटं आणतात, फार झालं तर घड्याळ आणतात. माझ्या धाकट्या भावानं गाडी आणली. जपानमधल्या एका कारखान्यात बरीच वर्षं नोकरी करून तो कायमचा परत आला. बिऱ्हाड हलवणाऱ्याला सामानाबरोबर स्वतःची गाडीही आणता येते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मग काय, गडी कागदपत्रांच्या मागं लागला आणि पांढरीशुभ्र, टुमदार गाडी बोटीत घालून घेऊन आला. दीड वर्षानं कायमचा आलेला भाऊ कायमचा परत गेला आणि गाडी आमच्या बारामतीजवळच्या सांगवीच्या घरी, गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली राहिली.

चालवायला तात्या होते, म्हणजे आमचे वडील. त्यांनी उभा जन्म दुधाच्या टँकरवर काढला. पणदऱ्याकडचं दूध मुंबईला पोचवायचं, रिकामा टँकर घेऊन माघारी यायचं, परत भरायचा. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातात ही एवढीशी गाडी आली तेव्हा पहिल्या दिवशी ते म्हणाले की ही तर मी खिशात घालून नेईन. पण गाडीवर त्यांचा जीव जडला. रोज सकाळी फडकं मारायचं आणि आपल्या म्हशीसुद्धा कधी एवढ्या चमकल्या नाहीत असं आईकडून ऐकून घ्यायचं.

गाडीची एकच खोड होती. ती जपानी बोलायची. चावी फिरवली की पुढच्या पडद्यावरून एक बाई अतिशय अदबीनं काहीतरी विचारायची. भाऊ म्हणाला, तिकडच्या टोलनाक्याचं कार्ड घातलेलं नाही म्हणून ती आठवण करते. तात्या तिला रोज सांगायचे, “न्हाय वो बाई, टोल न्हाय हिकडं.” रेडिओ तिकडच्या आकड्यांचा, त्यामुळं आपल्याकडची स्टेशनं त्यात धड लागायचीच नाहीत. आणि नकाशा तर विचारूच नका. त्यात जपान सोडून दुसरं जगच नव्हतं. आम्ही बारामतीच्या बाजारात उभे असलो तरी पडद्यावर आमची गाडी निळ्याशार समुद्रात उभी असायची. दोन वर्षं आम्ही समुद्रातून भाजी आणली.

मला हे बघवेना. मी बारामतीच्या शाळेत विज्ञान शिकवते, आठवी ते दहावी. विजेचं प्रकरण माझ्या हातचा मळ आहे, असं मला तरी वाटतं. सासरही बारामतीतच असल्यामुळं शनिवारी शाळा सुटली की मी सांगवीला आईकडं जाते आणि तिथं गेले की काही ना काही सुधारल्याशिवाय मला चैन पडत नाही. मिक्सर सुधारला, इन्व्हर्टर सुधारला, आता गाडीची पाळी होती. मी नऊ इंची अँड्रॉइड पडदा मागवला. त्यात नकाशा, गाणी, फोन, सगळं मराठीत. आणि सोबत फुकट आला म्हणून मागं लावायचा कॅमेरा.

तो फुकटचा कॅमेराच पुढं सगळ्याच्या मुळाशी आला, म्हणून आमच्याकडं गाडी मागं कशी घेतात ते सांगायला हवं.

टँकरच्या धंद्यात ड्रायव्हर मागं बघत नाही, क्लीनर बघतो. क्लीनर खाली उतरतो, मागं जाऊन उभा राहतो, पत्र्यावर थाप मारतो आणि ओरडतो, “येऊ द्या, येऊ द्या.” तात्यांनी निवृत्तीनंतर ही पद्धत घरात आणली आणि क्लीनरची जागा आईला दिली. गाडी मागं घ्यायची झाली की आई उतरायची, पदर खोचायची आणि दोन्ही हातांनी गाडी वळवायची. तिचे वडील मेंढरं राखायचे. त्यांच्याकडून उचललेले च्च-च्च, हुर्र असले आवाज ती गाडीला काढायची, आणि गाडीही ऐकायची. थांबायचं झालं की डिकीवर सणकन थाप, “बास!”

आणि एक ठिकाण असं होतं की तिथं तिच्याशिवाय चालायचंच नाही, असं तात्याच म्हणायचे. वरकुट्याचा बोळ. इंदापूर तालुक्यातलं वरकुटे हे आईचं माहेर. तिची थोरली बहीण, आमची मावशी, अजून तिथंच राहते. एकटीच, आणि गुडघ्यांनी हैराण. तिचं घर बोळाच्या पार टोकाला आहे. एका बाजूला शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, आणि गाडी वळवायला टीचभर जागा नाही. आत गेलेली गाडी उलटीच बाहेर काढायची. त्या गावात तात्यांचा टँकरवरचा एक जुना दोस्त होता. दर पंधरा दिवसांनी रविवारी तात्यांना त्याची आठवण यायची आणि ते आईला म्हणायचे की चल, बोळात गाडी मागं घ्यायला कोण हाय मला?

आई कुरकुरायची. वैरणीचं कोण बघंल, धारा कोण काढंल. पण नवऱ्याचं काम अडतंय म्हटल्यावर शेजारणीला धारांचं सांगून निघायची. तात्या दोस्ताकडं जायचे आणि दोघी बहिणी दिवसभर बोलत बसायच्या.

तर, पडदा बसवायचा होता. बारामतीतल्या चकचकीत दुकानांनी गाडी बघून हात वर केले. म्हणाले, मॅडम, हिचा सॉकेटच आपला नाही. शेवटी इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांना गाण्याच्या पेट्या बसवणारा एक मेस्त्री मिळाला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला की वायर ती वायर, जपानची काय अन् जेजुरीची काय. मला तिथंच परत फिरायला हवं होतं. पण मी हट्टी.

त्यानं जपानी पडदा उपसून काढला. नवा पडदा आत ठेवला तर दोन्ही बाजूंना बोटबोट फट. तिकडच्या गाड्यांचा खळगा रुंद असतो म्हणे. मेस्त्रीनं ऑइलचा काळा डबा कापला, घासला आणि त्याच्या पट्ट्या अशा काही बसवल्या की मी तोंडात बोट घातलं. तेवढ्यात त्यानं जपानी सॉकेट कापायला पक्कड उचलली. मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या टपरीवरचा चहावाला उठून उभा राहिला. जोडायचा सॉकेट मी वेगळा मागवला होता, तो पर्समधून काढून त्याच्या हातावर ठेवला. तो हसत म्हणाला, आधी सांगायचं की.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठप्प. बॅटरी मेलेली. मी फोनवर मेस्त्रीची हजेरी घेतली तेव्हा कळलं की त्यानं पडद्याची वायर थेट बॅटरीला जोडली होती, चावीला वळसा घालून. कारखान्याच्या गेटवर उसाचे ट्रॅक्टर तासन् तास रांगेत उभे असतात, इंजिन बंद आणि गाणी चालू. त्यामुळं आयुष्यभर त्यानं तसंच जोडलेलं. चावी काढली की गाणं बंद पडायला हवं, ही मागणी त्याच्या आयुष्यात मी पहिल्यांदा केली होती. येऊन दुरुस्त करून गेला बिचारा.

मग मी मोठ्या थाटात उद्घाटन केलं. तात्यांना सीटवर बसवलं, गिअर मागं टाकायला लावला, आणि पडद्यावर मागचं सगळं अंगण स्वच्छ उमटलं. कोंबडी, बादली, तुळस, आणि सवयीनं पदर खोचून उभी असलेली आई.

मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, “आई, सर तिथनं! आता तुझी सुट्टी. तात्यांना सगळं हितं दिसतंय.”

ती म्हणाली, बरं झालं बाई, आणि हात झटकत गोठ्यात गेली. मला वाटलं, तिला आनंद झाला. तात्या पडद्याकडं बघत बसले होते. मला वाटलं, ते भारावून गेले. इतकी मी हुशार.

पुढच्या रविवारी तात्यांना दोस्ताची आठवण आली तेव्हा आई उठलीच नाही. आता तुमचं तुमास्नी दिसतंय, मला कशाला उगं भटकायला लावता, म्हणाली. बहिणीसाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि वैरण कापायला बसली. तात्या एकटे गेले आणि दुपारच्या आत परत आले. त्याच संध्याकाळी मावशीचा मला फोन. तुझी आय आजारी हाय का, म्हणून विचारत होती. मी हसत हसत कॅमेऱ्याचं कौतुक सांगितलं. मावशी नुसतं बरं म्हणाली आणि फोन ठेवला. एवढं होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

असे तीन-चार रविवार गेले आणि दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला कोयत्यापासून कडबाकुट्टीच्या यंत्रापर्यंत सगळ्याची पूजा होते, मग जपानी गाडी कशी सुटेल? आईनं पाच ठिकाणी हळदीकुंकवाची बोटं लावायला घेतली. चार चाकं झाली आणि पाचवं बोट कुठं लावावं म्हणून बघत बघत ती मागं गेली. नंबरप्लेटच्या वर कॅमेऱ्याचा बारीक काळा डोळा दिसला. देवाच्या मूर्तीला लावावं तसं भक्तिभावानं तिनं त्यावर भरघोस कुंकू लावलं आणि वर तेलाचं बोटही टेकवलं, टिकावं म्हणून.

तात्यांनी गिअर मागं टाकला तर पडदा लालभडक. मला हसू आवरेना. कुंकू पुसायला मी फडकं घेऊन निघाले, तर आई अंगावर आली. सणाच्या दिवशी पुसतीस व्हय? ते संध्याकाळपर्यंत राहायलाच हवं. आणि वरकुट्याला आपट्याची पानं द्यायला तर आजच जायला हवं. मग काय करता? आई पदर खोचून मागं उभी राहिली, येऊ द्या म्हणाली, आणि गेली बरोबर. रात्री जेवायच्या वेळी परत आली तेव्हा मावशीकडच्या गप्पा सांगताना तिचं तोंड मिटत नव्हतं. तात्या खाली मान घालून जेवत होते.

आणि त्या दिवसापासून कॅमेऱ्याला घरघर लागली.

पुढच्या रविवारी पडदा काळा. मी मेस्त्रीला फोन केला, चांगलं फैलावर घेतलं. तो सोमवारी येऊन जोडून गेला. पंधरा दिवसांनी परत काळा. मधल्या दिवसांत अगदी उत्तम, रविवारी मात्र अंधार. मी गाडी घेऊन त्याच्या दुकानात गेले आणि चार ट्रॅक्टरवाल्यांच्या देखत त्याला विचारलं की काम जमत नव्हतं तर घेतलं कशाला. त्यानं शांतपणे मागच्या दिव्याचं कव्हर काढलं, आत बघितलं आणि मला बोलावलं.

“मॅडम, ही वायर वढल्याली हाय,” तो म्हणाला. “उंदीर कुरतडतो. वढत न्हाय.”

मी गाडीत बसले आणि सांगवीपर्यंत माझ्या डोक्यात हिशेब जुळत गेला. रविवार. वरकुटे. कुंकू. आईच! वरून भोळी आणि आतून ही. कुंकूसुद्धा मुद्दाम लावलं असणार. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी खटपट केली, लोकांसमोर त्या मेस्त्रीला वाट्टेल ते बोलले, आणि आमच्या मातोश्री वायरी उपसतायत. शाळेत कॉपी पकडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. पुढच्या रविवारी उजाडताच मी चहाचा कप घेऊन कडब्याच्या गंजीमागं दबा धरून बसले. भाषण तयार होतं.

घराचं दार वाजलं. आले ते तात्या. गळ्यात चष्मा, हातात बारीक पक्कड. एकदा घराकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं बघितलं, आणि माझे सत्तरीचे वडील गाडीमागं उकिडवे बसून दिव्याचं कव्हर खोलायला लागले.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी मागं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “तात्या?”

ते दचकले, पण उठले नाहीत. आधी काम पुरं केलं, कव्हर बसवलं, मग हळू आवाजात म्हणाले, “वरडू नको. तुझी आय उठंल.”

मी विचारलं की हे काय चाललंय. बोळात गाडी मागं घ्यायला त्रास होतो म्हणून तर हा कॅमेरा बसवला ना?

“मला कसला तरास?” तात्या म्हणाले. “डेअरीच्या फाटकातनं टँकर उलटा घालत हुतो मी. दोन्ही बाजूंला वीत वीत जागा. आन् क्लीनर केबिनमधी झोपल्याला असायचा.”

विज्ञानाची बाई मी. जन्मभर टँकर हाकणाऱ्या माणसाला हातभर गाडी मागं घेता येत नाही, यावर माझा दोन वर्षं विश्वास होता.

तात्या डिकीला पाठ टेकून बसले आणि थांबत थांबत बोलले. तो दोस्तबिस्त निमित्त होता. तो तर केव्हाच लेकाकडं पुण्याला राहायला गेलेला. ते बोळाबाहेर गाडीत बसून दिवसभर रेडिओची बटणं फिरवत बसायचे. आईला सरळ म्हणून बघितलं होतं, एकदा नाही, पन्नासदा, की चल, बहिणीला भेटवून आणतो. ती यायचीच नाही. काम नसताना घराबाहेर पडायचं म्हणजे तिला गुन्हा केल्यासारखं वाटतं. तिच्या सासूनं तिला तसंच शिकवलं आणि तात्या तेव्हा टँकरवर.

“मी मुंबई-पुणं फिरलो गं,” ते म्हणाले. “ती ह्या गोठ्यातच. माझं काम अडतंय म्हटलं तरच निघती ती. त्येवढं एकच मला घावलं हुतं.”

ते मी फुकटच्या कॅमेऱ्यानं काढून घेतलं होतं. मला फार लाज वाटली. आई, आता तुझी सुट्टी, म्हणून मी किती खुशीत ओरडले होते! पण माझा स्वभाव असा की लाज वाटली की मी आधी समोरच्याच्या चुका काढते. मी म्हटलं, तात्या, वायर अशी उपसली तर एक दिवस शॉर्ट होऊन गाडी पेटेल. लबाडी करायची तर नीट करावी.

सोमवारी मी परत मेस्त्रीकडं गेले. आधी त्याची माफी मागितली, त्या चार ट्रॅक्टरवाल्यांपैकी दोघे हजर होते त्यांच्या देखत. मग म्हटलं, कॅमेऱ्याला एक चोरबटण हवं, ड्रायव्हरच्या सीटखाली, बाहेरून न दिसणारं. त्यानं एक शब्द विचारला नाही. ड्रायव्हरांपासून गाणी लपवायला ट्रॅक्टरचे मालक असली बटणं बसवून घेतात म्हणे. चहा येईपर्यंत काम झालं.

त्यानंतरचा हिवाळा फार मजेत गेला. भाऊ व्हिडिओ कॉलवर असला की कॅमेरा चालू. आई गाडीजवळ आली की तात्यांचा हात हळूच सीटखाली जायचा आणि पडदा काळा. तात्या कपाळाला हात लावून म्हणायचे की ह्या मशीनचा काय नेम न्हाय, आणि मी त्यांच्याहून मोठा उसासा टाकायचे. आई शेजारणीला सांगायची की लेकीनं काय ते लावलंय पण माझ्यावाचून चालत न्हाय ह्यांचं. भावानं तिकडून दुसरा, भारीतला कॅमेरा पाठवतो म्हटलं, तर मी त्याला इकडच्या धुळीवर अर्धा तास व्याख्यान दिलं.

संक्रांत झाल्यावरच्या एका रविवारी तात्यांचं अंग दुखत होतं. सकाळपासून बाजेवर पडून होते, आज कुठं जायला नको म्हणाले. मी पडवीत वह्या तपासत बसले होते. आई घरातून बाहेर आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून. हातात तीळगुळाचा डबा, शेजारणीला धारांचं आधीच सांगून झालेलं.

“उठा,” ती तात्यांना म्हणाली. “मला वरकुट्याला जायचंय.”

तात्या उठून बसले. मला जायचंय, हे शब्द या घरात तिच्या तोंडून मी तरी कधी ऐकले नव्हते. तात्यांनीही ऐकले नसावेत, कारण ते लगबगीनं चपला शोधायला लागले. अंगदुखी कुठल्या कुठं. मी म्हटलं मीपण येते आणि जाऊन पुढच्या सीटवर बसले. तात्यांनी चावी फिरवली, पण सीटखाली हात नेला नाही. गिअर मागं पडला आणि पडद्यावर सगळं अंगण स्वच्छ दिसलं. मी डोळे मोठे करून खुणावलं, तर त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. आईनं खिडकीतून वाकून पडदा पाहिला.

“आज चालतोय गं हा,” तात्या म्हणाले. “मागं उभं राह्यची गरज न्हाय तुला.”

मला वाटलं, गेली, आता डबा आपल्या हातात देऊन परत फिरणार. आई माझ्या बाजूला आली, दार उघडलं आणि म्हणाली, “चालू द्या की. ऊठ गं तू, मागं जा. मी पुढं बसते.”

मी मुकाट्यानं उतरून मागं जाऊन बसले.